यंदा गौर ओट्यावर

२ एप्रिल, मंगळवार

ही डायरी शाळेच्या ऑफिसात शिल्लक राहिलेली. पहिल्या पानावर कोणीतरी रबरी शिक्के मारून बघितलेत, ते पान फाडलं. कोणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटतंय आणि घरात भांडायला जागा उरलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

जागा खरोखरच उरलेली नाही. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि काल तो वरखाली होणारा भाड्याचा पलंग आला. कोपरचं आमचं घर म्हणजे एक हॉल, एक किचन आणि बंद केलेली बाल्कनी, जिच्यात रुचिता दहावीचा अभ्यास करते असं ती सांगते. विनीत आणि मी आता किचनमध्ये गादी घालतो. हॉलमध्ये पलंगाशेजारून आडवं होऊन जावं लागतं. पलंग आहे खिडकीखाली, म्हणजे दरवर्षी जिथे चैत्रागौर बसते बरोबर तिथे.

नऊ दिवसांवर तीज आलीय. त्या दिवशी गौर बसणार, अक्षय तृतीयेला उठणार, मधल्या एका शुक्रवारी हळदीकुंकू. हे मी मोजत असतानाच मंदावहिनींचा फोन आला. माझी थोरली जाऊ, सुदेशभावजींची बायको. वर्तकनगरला त्यांची बिल्डिंग नवी झाल्यापासून त्यांच्या आवाजालाही लिफ्ट बसलीय.

"संचिता, यंदा गौर आमच्याकडे बसवू. तुझ्याकडे कुठे हलायला जागा आहे? आणि हळदीकुंकवाच्या दिवशी आईंनाही इकडे घेऊन येऊ. आत बेडरूममध्ये पडतील आरामात. तुलाही मोकळं."

विनीतला सांगितलं तर म्हणाला, "बरंय की. देऊन टाक. कशाला लोड घेतेस?"

देऊन टाक म्हणे. दोन वर्षांपूर्वी आमची पितळेची उरळी "एका दिवसासाठी" वर्तकनगरला गेली, ती अजून त्यांच्या किचनमधल्या बेटावर पाणी आणि जरबेरा घेऊन बसलीय. बेटच म्हणतात ना त्याला, खोलीच्या मधोमध असलेल्या ओट्याला? एवढा मोठा ओटा आणि त्यावर काय, तर एक कुंडी आणि तीन बरण्यांत रंगीत पास्ता, जो कोणी कधी खात नाही. गौर एकदा तिथे गेली की ती परत यायची नाही. एकोणीस वर्षं मी या घरात तिची मांडणी करतेय. ती गेली तर या घरात माझं म्हणून काय राहतं?

फोनवर मी सांगून टाकलं, "गौर इथेच बसेल. ओट्यावर." बोलून झाल्यावर मलाच कळलं की मी काय बोलले.

४ एप्रिल, गुरुवार

ओटा मोजला. सात फूट, काळा कडप्पा. डावीकडे गॅस, उजवीकडे सिंक, मध्ये अडीच फूट. त्या अडीच फुटांत मिक्सर, तेलाची बुधली, दुधाचं पातेलं, मिसळणाचा डबा आणि रुचिताची पाण्याची बाटली. मागे द्राक्षांच्या घोसांच्या टाइल्स, ज्या मला लग्न झाल्यापासून आवडत नाहीत.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गॅसशेजारी?"

मी म्हटलं, हो, गॅसशेजारी.

संध्याकाळी त्या विनीतला म्हणाल्या, "माझं डोकं त्या बाजूला करा आणि पाय या बाजूला." पलंग फिरवला, तेव्हा लक्षात आलं की आता त्यांचं तोंड थेट किचनच्या दाराकडे आहे. म्हणजे मी ओट्यावर काय करते ते सगळं दिसणार. माझ्या हातून दूध उतू गेलेलंसुद्धा आता या घरात लपून राहणार नाही.

७ एप्रिल, रविवार

मंदावहिनी गाडी घेऊन आल्या. आईंसाठी सफरचंदं आणली, पाच मिनिटं पलंगाशी बसल्या आणि म्हणाल्या, "गौरीची पेटी घेऊनच जाते. नुसती बोलत बसलीस तर तीज येईल."

मी म्हटलं, पेटी मिळणार नाही. त्या म्हणाल्या, आईंना विचारू. मी म्हटलं, विचारा. आईंनी डोळे मिटलेले. मग त्या सरळ उठल्या आणि आईंच्या कपाटाचा खालचा खण उघडला.

पेटी नव्हती.

गौर, तिचा पितळी झोपाळा, साखळ्या, सगळं त्या एका पत्र्याच्या पेटीत असतं आणि पेटी त्याच खणात असते. मी माळा बघितला, विनीतने पलंगाखाली बघितलं. वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी ती पोटात घातलीय. आईंना हलवून विचारलं. "कुठेतरी असेल. मला काय आठवतंय आता." या बाईंना दूधवाल्याचे महिनाभरातले खाडे पाठ असतात.

वहिनी हात हलवत गेल्या, तेवढंच बरं वाटलं. पण आता मला कळलंय. आईंना ओट्यावर गौर नकोय. तोंडाने नाही म्हणायचं नाही, पेटीच गायब करायची. ठीक आहे. मीही बघते. सुपारीची गौर मांडेन, पण ओट्यावरच मांडेन.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाली आणि आवडाबाई वर आल्या. त्या तळमजल्यावर राहतात. ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पूर्वी त्यांचे यजमान राघोशेठ भात लावायचे. मी शाळेत असते तेव्हा दुपारी त्याच आईंजवळ बसतात. पदराखाली काहीतरी जड होतं. पदर बाजूला केला तर पेटी.

"तुझे सासूनीच ठेवाला दिलेली," त्या म्हणाल्या. "मोठी येऊन गेली का मंग सूनबाईला दे, बोलली. आली ना ती? गेली ना? मंग घे."

मी आईंकडे बघितलं. त्या कडुलिंबाची चटणी खात होत्या, तोंड वाकडं करून.

इतका संताप आला. स्वतःच्या सुनेवर विश्वास नाही, म्हणून पेटी शेजारी देऊन ठेवायची. मी काय विकून खाणार होते? पण पाडव्याच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसले.

११ एप्रिल, गुरुवार. तीज

बसली.

सगळं लिहून ठेवते, कारण फोटोत ते येत नाही. पायऱ्या हव्यात आणि लाकडी पायऱ्या ओट्यावर मावत नाहीत, म्हणून डब्यांच्या केल्या. सगळ्यात मागे तांदळाचा आणि पोह्यांचा उंच डबा, त्यावर पाट. मधली पायरी तूरडाळ आणि चणाडाळ. पुढची साखर आणि रवा. वरून आईंची हिरवी इरकल अंथरली, काठ बरोबर पायरीच्या कडेवर येईल अशी. पाटावर झोपाळा, झोपाळ्यात गौर. मागच्या टाइल्स झाकणार होते, पण रुचिता म्हणाली, "मम्मी, द्राक्षं राहू दे, लय भारी दिसतायत," आणि खरंच, पितळेच्या मागे ती द्राक्षं मुद्दाम काढल्यासारखी दिसायला लागली. किचनच्या खिडकीच्या गजांना कैऱ्या टांगल्या, देठ आणि पानांसकट. पोळपाट उपडा घालून त्यावर कलश. गॅसच्या बाजूला मोठी परात उभी केली, फोडणी उडू नये म्हणून. परातीत गौरीचं प्रतिबिंब पडतं, ते मी ठरवलेलं नव्हतं.

चैत्रांगण काढायला जमीन नाही, तिथे गादी असते. म्हणून ओट्याच्या पुढच्या कडेवरच काढलं. काळ्या कडप्प्यावर पांढरी रांगोळी. सूर्य, चंद्र, शंख, कासव, सगळं बोटभर.

पलंगावरून आवाज आला, "गोपद्मं राहिली."

राहिलीच होती. काढली. एवढंच बोलल्या, चांगलं झालं नाही की वाईट झालं नाही.

मिक्सर ठेवायला जागा उरली नाही, तो आईंच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलाय. मिसळणाचा डबाही तिथेच. अंडं महिनाभर बंद, म्हणून रुचिता आणि विनीत दोघंही तोंड पाडून बसलेत.

१३ एप्रिल, शनिवार

आमटीला डाळ हवी होती. तूरडाळ म्हणजे दुसरी पायरी. गौरीला हातात धरून विनीत उभा, मी पाट उचललाय, रुचिता डबा ओढतेय, आणि आई पलंगावरून सूचना देतायत, "साडी आधी सोडव, साडी." डाळ काढली आणि सगळं परत लावलं. पंचवीस मिनिटं लागली.

विनीत म्हणाला, "उद्यापासून मुगाची."

२० एप्रिल, शनिवार

सात दिवसांत लिहायला वेळ झाला नाही. पोळ्या लाटल्या की रांगोळी पुसते, ती रोज परत काढते. हात बसलाय, कासव आता चार रेघांत होतं.

खरं सांगायचं तर मध्येच एकदा हातपाय गळाले. मंगळवारी दूध उतू गेलं आणि सरळ चंद्रसूर्यावरून वाहत सिंकपर्यंत गेलं. फडकं हातात घेऊन मी उभी, आणि मनात आलं की हे मी गौरीसाठी करतेय की मंदावहिनींना दाखवायला? उत्तर मला माहीत आहे आणि ते काही फार चांगलं नाही. पण दाखवायला केलेलं कामसुद्धा नीट केलेलं असतं, मी ते पुसून परत काढलं.

घरात एक नवीन उद्योग चाललाय. मिक्सर आईंच्या हाताशी असल्यामुळे चटणी, वाटण सगळं आता त्याच करतात. मी भांडं भरून देते, त्या बटण दाबतात. कोथिंबीरही तिथेच निवडतात. आवडाबाई येऊन लसूण सोलून देतात, दोघींचं हसणं जिन्यात ऐकू येतं. माझं निम्मं किचन हॉलमध्ये गेलंय. रोज दहा वेळा मिसळणाच्या डब्यासाठी पलंगापर्यंत जावं लागतं आणि प्रत्येक वेळी आई विचारतात, "आता काय घालतेस?"

हळदीकुंकू ३ मेला ठरवलं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, मंदावहिनींनाही. त्या म्हणाल्या, बघू.

२८ एप्रिल, रविवार

वहिनी बघायलाच आल्या. चपला काढून किचनच्या दारात उभ्या राहिल्या. मी मुद्दाम ताजा मोगरा घातला होता.

"डब्यांवर बसवलीस गौर?" म्हणाल्या. मग जरा वेळाने, "परातीची आयडिया बरी आहे." माझ्या जावेकडून हे म्हणजे पुष्कळ झालं.

मग मला बाल्कनीत नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "शुक्रवारी आईंचं काय करणार? गौर आत आणि आई हॉलमध्ये. सगळ्या बायका त्यांच्यावरून जाणार. बरं दिसत नाही ते. मी गुरुवारीच गाडी पाठवते, चार दिवस राहू देत आमच्याकडे."

"पलंग काय घडी घालून पाठवू?" मी म्हटलं. "आजारी माणूस घरात असतं. त्यात बरं न दिसण्यासारखं काय आहे? त्यांचं शौचाचं भांडं मी आधी धुऊन ठेवीन, वास येणार नाही."

"संचिता, मी कशाबद्दल बोलते ते तुला कळत नाही की कळून घ्यायचं नाही?"

कळायचंय काय त्यात? दरवर्षी हळदीकुंकवाला आई आत ओट्याशी असतात. मामंजी गेले त्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच. मी हॉलमध्ये बायकांना कुंकू लावते, त्या आतून डाळीच्या वाट्या आणि पन्ह्याचे पेले भरून देतात. त्यांनाच बायकांची बडबड सोसत नाही. या वर्षी त्यांना ती सोसावी लागेल, एवढंच. मी वहिनींना सांगितलं, आई कुठेही जाणार नाहीत.

हॉलमध्ये आले तर आई डोळे मिटून पडलेल्या. पण वहिनी गेल्यावर लगेच म्हणाल्या, "शुक्रवारी माझी ती जांभळी साडी काढ. गाऊनवर नाही राहायची मी."

एवढी तणतण करून मी त्यांना इथे ठेवलं, आणि यांना साडीची पडलीय.

३ मे, शुक्रवार

पाय मोडून आलेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

डाळ आईंनीच वाटली. सकाळी टेबलावरचा मिक्सर खाली ठेवला आणि तिथे कोयरी, अत्तर आणि भिजवलेल्या हरभऱ्यांचं ताट ठेवलं, कारण ओट्यावर बोट ठेवायलाही जागा नव्हती. जांभळी साडी नेसवून आईंना उशा लावून बसवलं.

पाचपासून बायका यायला लागल्या. किचनमध्ये एका वेळी तिघीच मावतात, हे मी हिशेबातच धरलं नव्हतं. मी ओट्याशी, एका हातात पन्ह्याचं भांडं, दुसऱ्या हातात डाव. मला बाहेर पडता येईना आणि बाहेरच्या बायकांना आत येता येईना. हॉलमध्ये रांग लागली. मला फक्त ऐकू येत होतं.

सगळ्यात पुढे आवडाबाई होत्या. त्यांचा आवाज काही हळू नसतो.

"सून तर अडकली आत. माझे कपाळाला कुंकू कोन लावनार मंग? रमा, तू लाव."

"मी?" आई म्हणाल्या.

"कोयरी कोनाचे हाताशी हाय?"

मी वाटीत डाळ घालत होते, ती तशीच धरून उभी राहिले. एवढ्या बायका असून बाहेर पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आणि मग आवडाबाईंचा आवाज, "आनी हळद? ती काय मी घरशी आनू?" कोणीतरी हसलं. रांग हलायला लागली. ज्या बायका माझ्यासमोर येत होत्या, त्यातल्या प्रत्येकीच्या कपाळावर ओलं कुंकू होतं आणि ते मी लावलेलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं वहिनी कशाबद्दल बोलत होत्या. मला लाज वाटली. आठ वर्षं मी हॉलमध्ये मिरवत होते आणि त्या इथे उभ्या होत्या, मी आज उभी होते तिथेच, सगळ्यांचं हसणं ऐकत. मी एकदाही त्यांना विचारलेलं नाही. बडबड सोसत नाही म्हणे. कोणी सांगितलं होतं मला? मीच.

साडेसहाला मंदावहिनी आल्या, वर्तकनगरच्या एका मैत्रिणीला घेऊन. त्यांनी दारातूनच बघितलं. "संचिता," त्यांनी हाक मारली, "तू बाहेर ये जरा. कुंकू तू लाव."

मी ओट्याजवळूनच ओरडले, "माझे हात पन्ह्यात आहेत, वहिनी. या घरात आज कुंकू आई लावतायत. ज्यांना लावून घ्यायचं नसेल त्यांनी तशीच डाळ खावी, वाटली त्यांनीच आहे."

बोलले खरी. गौरीकडे बघितलं. ती झोपाळ्यात आपली मजेत होती.

वहिनींच्या मैत्रिणीने पर्स बाजूला केली आणि आईंपुढे वाकली. वहिनी आत आल्या, कोरड्या कपाळाने डाळ खाल्ली, "मीठ कमी आहे," म्हणाल्या. निघताना आईंना नमस्कार करायला वाकल्या आणि वर येईपर्यंत आईंनी बोट टेकवलंसुद्धा. एवढ्या चपळ माझ्या सासूबाई मोडका खुबा घेऊन. जिन्यात वहिनींनी ते पुसलं असेल, मी काही बघायला गेले नाही. गेले. बाल्कनीतून बघितलं. गाडीत बसेपर्यंत तरी पुसलेलं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर मी आईंच्या पायाशी बसले. म्हटलं, "एक्केचाळीस वाट्या गेल्या डाळीच्या."

"त्रेचाळीस जणी होत्या," आई म्हणाल्या. "दोघींनी डाळ घेतली नाही."

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया

गौर उठली. डबे फडताळात गेले, तूरडाळ परत हाताशी आली. ओटा पुसून काढला तर इतका मोकळा दिसायला लागला की बघवेना. मिक्सर परत जागेवर आणायला गेले, तर आई म्हणाल्या, "राहू दे इथेच, काय घाई आहे." ठेवला तिथेच.

आई वॉकर घेऊन हॉलभर दोन फेऱ्या मारायला लागल्यात. महिन्याभरात पलंग परत करायचा. पेटी भरताना वहिनींचा फोन आला. पुढच्या वर्षी आईंची तब्येत बरी असेल, तेव्हा गौरीचं काय ते एकदा ठरवून टाकू, म्हणाल्या. मी फोन आईंच्या कानाला लावला. आईंनी ऐकून घेतलं आणि "ती इथेच बसते" एवढंच सांगून फोन परत दिला. माझा महिन्याभराचा जीव भांड्यात पडला.

मी पेटीला कुलूप लावलं आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी पलंग नसेल, आई. हॉल मोकळा. परत खिडकीखाली मांडू, मोठ्या पायऱ्या करून."

त्या लगेच म्हणाल्या, "नको. ओट्यावरच मांड. तुझी मांडणी ओट्यावर चांगली दिसते."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तारीख वर घातलेलीच आहे, तरी परत लिहिते, दहा मे. माझी मांडणी चांगली दिसते. वहिनींच्या बेटाला सांगा म्हणावं.

मग त्यांनी विनीतला सांगून मामंजींची वेताची खुर्ची माळ्यावरून काढून घेतली. वॉकर बाजूला ठेवून तिच्यात बसून बघितलं. किचनच्या दाराशी, अगदी उंबऱ्याला लागून.

मी म्हटलं, "आई, तिथे नको. पुढच्या वर्षी बायका आत जायला लागल्या की बरोबर वाटेत येईल."

"येऊ दे," त्या म्हणाल्या.